मुंबईचा कॅथलिक महाधर्मप्रांत आणि त्याचे बिशप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळचा वसईचा. मित्रमंडळींना वांद्रे-माहीम-गिरगावातली जुनी चर्च दाखवायला घेऊन जातो, तेव्हा बाहेर चहा पिताना तेच तेच प्रश्न निघतात. बिशप म्हणजे नक्की कोण, त्याला कोण नेमतं, चर्चची जमीन कोणाची, तुम्ही लोक मराठी कसे काय बोलता! शेवटच्या प्रश्नाचं आता हसू येतं. बाकीच्यांची उत्तरं एकदा लिहून काढावीत म्हणून हा खटाटोप.

आर्चडायोसीस, डायोसीस, पॅरिश ही काय भानगड आहे?

एका चर्चच्या हद्दीतली वस्ती म्हणजे पॅरिश. वसईकडे तिला धर्मग्राम म्हणतात. असे बरेच धर्मग्राम मिळून डायोसीस, म्हणजे धर्मप्रांत होतो आणि त्याचा प्रमुख असतो बिशप. आसपासच्या काही धर्मप्रांतांमध्ये जो थोरला, तो आर्चडायोसीस, म्हणजे महाधर्मप्रांत. त्याचे प्रमुख आर्चबिशप. आमच्या आजीच्या पिढीत त्यांना ‘महागुरुस्वामी’ म्हणत. ते गावात आले की बायका एक गुडघा टेकून त्यांच्या बोटातल्या अंगठीचं चुंबन घ्यायच्या.

कार्डिनल ही त्याच्या वरची पायरी नाही, तो पोपनं दिलेला वेगळा मान आहे. पोप निवडायला जे बसतात ते कार्डिनल, आणि ८० वर्षं पूर्ण झाली की तो मतदानाचा हक्क जातो.

मुंबईचा महाधर्मप्रांत किती जुना?

कागदावर १ सप्टेंबर १८८६. पण हे उत्तर ऐकून कोणाचंच समाधान होत नाही आणि व्हायलाही नको. वांद्र्याचं सेंट अँड्र्यू चर्च १५७५ चं आहे, दादरच्या पोर्तुगीज चर्चची सुरुवात १५९६ ची. (दादरची आजची इमारत चार्ल्स कोरिया यांनी १९७० च्या दशकात बांधलेली आहे. जुनं चर्च शोधत आलेले लोक तिच्यासमोर उभे राहून पत्ता विचारतात.) म्हणजे चर्च चारशेहून जास्त वर्षांची आणि महाधर्मप्रांत काल-परवाचा. मधल्या काळात ही माणसं कोणाच्या अखत्यारीत होती, यावरून इतकं भांडण झालंय की मुंबईच्या बिशपांचा इतिहास म्हणजे निम्मा या भांडणाचाच इतिहास आहे.

मग आधी इथे बिशप नव्हताच?

होता, पण गोव्यात. गुजरातच्या बहादूरशाहानं १५३४ मध्ये वसई, साष्टी (आजची मुंबईची उपनगरं आणि ठाणे ज्या बेटावर आहेत ते) आणि मुंबईची बेटं पोर्तुगिजांना दिली. त्याच सुमाराला गोव्याचा धर्मप्रांत स्थापन झाला आणि १५५८ मध्ये तो महाधर्मप्रांत झाला. कागदोपत्री त्याची हद्द आफ्रिकेच्या टोकापासून चीन-जपानपर्यंत. त्या अवाढव्य पसाऱ्यात वसई म्हणजे ‘उत्तरेचा प्रांत’, एक कोपरा. प्रत्यक्ष काम करत होते फ्रान्सिस्कन आणि जेझुइट या संन्यासी संघांचे पाद्री.

याच मातीतला गोन्सालो गार्सिया वसईत जन्मला, जपानात गेला आणि १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर मारला गेला. १८६२ मध्ये पोपनं त्याला संत घोषित केलं. भारतात जन्मलेला हा पहिला कॅथलिक संत. बिशपांच्या यादीपेक्षा आमच्याकडे त्याचं नाव जास्त घेतलं जातं.

धर्मांतर सक्तीनं झालं का?

काही ठिकाणी सक्ती, काही ठिकाणी आमिष, काही ठिकाणी खरीखुरी श्रद्धा. या तिन्हींतलं एक निवडून बाकीची दोन झाकणाऱ्या माणसाशी मी वाद घालत नाही. बोरिवलीला मंडपेश्वरला जाऊन पाहा. शंकराचं लेणं, त्याचं फ्रान्सिस्कनांनी प्रार्थनामंदिर केलं आणि वरच्या टेकाडावर इमारत उभी केली. आज लेण्यात पुन्हा शिवलिंगाची पूजा होते, वर पडक्या भिंती आहेत आणि शेजारच्या चर्चमध्ये रविवारी मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, होते. गोव्याचं इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाचा छडा लावून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, १५६० ला सुरू झालं आणि १८१२ पर्यंत चाललं, वसईही त्याच्या कक्षेत होती. हे आमच्या पूर्वजांच्या बाबतीत घडलेलं आहे, त्यामुळे ते सांगताना मला अवघडल्यासारखं होत नाही.

हे ‘पाद्रोआदो’ प्रकरण काय आहे?

याचं उत्तर नीट वाचलंत तर पुढचं सगळं सोपं जाईल.

पोपनं पोर्तुगालच्या राजाशी एक व्यवहार केला होता. राजानं पूर्वेकडे जहाजं पाठवायची, चर्च बांधायची, पाद्र्यांचा खर्च उचलायचा. बदल्यात तिकडच्या बिशपांची नावं राजा सुचवणार. या आश्रयदात्याच्या हक्काला पोर्तुगीज भाषेत पाद्रोआदो म्हणतात. सोळाव्या शतकात हे ठीक चाललं. सतराव्या शतकात पोर्तुगाल खंगला. बिशपांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या पडायला लागल्या, पण हक्क सोडायला राजा तयार नाही. मग रोमनं १६२२ मध्ये ‘प्रोपागांडा फीदे’ नावाचं स्वतःचं खातं उघडलं आणि थेट आपली माणसं पाठवायला सुरुवात केली. त्यांना बिशप म्हणून पाठवलं तर राजाचा हक्क आडवा येणार, म्हणून पद काढलं ‘व्हिकर अपोस्तोलिक’. म्हणजे पोपचा प्रतिनिधी. बिशपच, पण बिशपच्या गादीवर नसलेला.

झालं. एका बाजूला गोव्याचे, म्हणजे राजाचे पाद्री, दुसऱ्या बाजूला प्रोपागांडाचे, म्हणजे रोमचे. श्रद्धा एक, मिस्सा एक, लॅटिन एक. भांडण एवढंच की बिशप कोणी नेमायचा आणि चर्चची किल्ली कोणाच्या कमरेला.

पहिला भारतीय बिशप गोवेकर होता, हे खरं?

खरं आहे, आणि फार कमी लोकांना ठाऊक आहे. मातेउश द कास्त्रो, दिवाडी बेटावरच्या ब्राह्मण घराण्यातला. गोव्यात त्याला पाद्री व्हायचं होतं, पण तिथल्या वरिष्ठांनी त्याला दारात उभं केलं नाही. गडी थेट रोमला गेला. तिथे शिकला, पाद्री झाला, आणि १६३७ मध्ये बिशप म्हणून त्याचा अभिषेक झाला. त्याला दिलेला मुलूख होता आदिलशाहीचा. परत आल्यावर गोव्याच्या अधिकाऱ्यांनी त्याला बिशप मानायला साफ नकार दिला, म्हणून हा आदिलशाही हद्दीत, डिचोलीला जाऊन राहिला. तिथे चर्च बांधलं, आपल्या हातानं स्थानिक पाद्री तयार केले. विजापूर दरबाराशी आणि डचांशी संधान बांधून गोव्याविरुद्ध कारस्थानं केल्याचा आरोपही त्याच्यावर झाला, आणि त्यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. माणूस तिखट होता. शेवटी रोमला परतला आणि तिथेच गेला.

मुंबईशी याचा संबंध असा, की त्याच्यासाठी निर्माण केलेलं पद पुढे वारसांच्या हातून, नावं आणि हद्दी बदलत कार्मेलाइट संघाच्या पाद्र्यांकडे गेलं आणि १७२० मध्ये मुंबईत येऊन स्थिरावलं. आजच्या मुंबईच्या आर्चबिशपांची परंपरा मागे मागे नेली तर ती डिचोलीत जाऊन थांबते.

१७२० मध्ये काय झालं?

मुंबई आधीच इंग्रजांकडे आली होती, लग्नाच्या आंदणात. कॅथलिकांच्या धर्मात ढवळाढवळ करणार नाही असं वचनही त्यांनी दिलं होतं. पण मुंबईतले पोर्तुगीज फ्रान्सिस्कन पाद्री शेजारच्या वसईला खबरा पुरवतात असा इंग्रजांना संशय होता. त्यांनी पोर्तुगीज पाद्र्यांना बेटाबाहेर काढलं आणि कार्मेलाइट व्हिकर अपोस्तोलिकला बोलावून चर्च त्याच्या ताब्यात दिली. म्हणजे प्रॉटेस्टंट कंपनी सरकारनं कॅथलिकांचा बिशप बदलला! लोकांना विचारायचा प्रश्नच नव्हता.

चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा चर्च पाडली का?

मे १७३९ मध्ये वसईचा किल्ला पडला. तहात रहिवाशांना धर्म पाळायची मुभा होती. युरोपियन पाद्री आणि त्यांचे संघ निघून गेले आणि किल्ल्यातले मठ, चर्च ओस पडून हळूहळू ढासळले. गावांमधल्या लोकांची काळजी गोव्याहून आलेल्या साध्या, देशी पाद्र्यांनी वाहिली. हे लोक इतिहासात जवळजवळ बिननावाचे राहिले, पण वसई-साष्टीत कॅथलिक समाज टिकला तो त्यांच्यामुळे.

चर्चच्या घंटा मात्र मराठ्यांनी नेल्या आणि देवळांना वाहिल्या. भीमाशंकरला त्यातली एक आहे, नाशकात नारोशंकराच्या देवळावर आणखी एक. नाशिकच्या घंटेवर १७२१ हे साल कोरलेलं आहे. गोदावरीला पूर आला की पाणी त्या घंटेला लागलं का, हे नाशिककर विचारतात. वसईकर म्हणून मला त्याचं काय वाटतं? घंटा वाजतेय, एवढं पुरे.

एकाच शहरात दोन बिशप होते म्हणजे नक्की कसं?

पुढची गंमत अशी, की गोव्याच्या बाजूच्या लोकांनी अर्ज-विनंत्या करून १७८९ मध्ये चर्च परत मिळवली, दोन वर्षांत ती पुन्हा दुसऱ्या बाजूला गेली, आणि शेवटी वैतागून कंपनी सरकारनं १७९४ मध्ये मुंबई बेटावरची चार मुख्य चर्च दोन-दोन वाटून टाकली. यालाच दुहेरी सत्ता म्हणतात आणि ती १९२८ पर्यंत चालली. म्हणजे १३४ वर्षं.

हे समजून घ्यायला वांद्र्याच्या हिल रोडवर चाला. सेंट अँड्र्यू चर्चमधून निघालात तर सेंट पीटर्स चर्च चालत काही मिनिटांवर आहे. दोन्ही कॅथलिक, दोन्हींकडे तीच मिस्सा. पण सेंट अँड्र्यू पाद्रोआदोचं आणि सेंट पीटर्स एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला प्रोपागांडाच्या बाजूनं उभं राहिलेलं. एकाच गावठाणातल्या एका घरचे लोक रविवारी डावीकडे वळायचे आणि शेजारचे उजवीकडे. कोण कुठल्या बिशपचा हे ठरवताना राहत्या जागेइतकंच घराणंही मोजलं जायचं. गोव्याहून आलेला माणूस धोबीतलावच्या कुडात, म्हणजे गोवेकरांच्या सामायिक बिऱ्हाडात, राहत असला तरी त्याची गाठ गोव्याशी.

१८८६ मध्ये पोप आणि पोर्तुगाल यांच्यात नवा करार झाला आणि मुंबईला महाधर्मप्रांताचा दर्जा मिळाला. पण त्याच वेळी पाद्रोआदोच्या बाजूनं दमणचा नवा धर्मप्रांत काढला आणि साष्टीची चर्च आणि मुंबईतली पाद्रोआदोची चर्च त्याला जोडली. भांडण मिटवायला बसले आणि दोन्ही बाजूंना एकेक बिशप देऊन उठले.

माहीमच्या चर्चला वेढा पडला होता, ही दंतकथा आहे का?

दंतकथा नाही. मार्च १८५३. प्रोपागांडाचे बिशप होते आनास्तासियुस हार्टमन, स्वित्झर्लंडचे कापुचिन संन्यासी. पाद्रोआदोच्या लोकांनी मकावच्या पोर्तुगीज बिशपला मुंबईत आणलं होतं, त्यामुळे त्यांना जोर चढला होता. माहीमचं सेंट मायकल चर्च ते ताब्यात घेणार असं दिसताच हार्टमन स्वतः आपल्या माणसांसह आत जाऊन बसले आणि दारं लावून घेतली. बाहेर विरोधी जमाव. असे सुमारे पंधरा दिवस गेले. बिशप चर्चमध्ये कोंडलेला, आणि बाहेर त्याला कोंडणारे त्याच धर्माचे लोक! शेवटी सरकारी अधिकाऱ्यांनी हस्तक्षेप करून दार उघडायला लावलं आणि चर्च पाद्रोआदोकडे गेलं.

आज त्याच चर्चमध्ये दर बुधवारी नोव्हेनाला, म्हणजे नवसाच्या प्रार्थनेला, रांग लागते. १९४८ पासून चालू आहे ती. रांगेत हिंदू असतात, मुसलमान असतात, परीक्षेचा हॉल तिकीट नंबर चिठ्ठीवर लिहून आणलेली पोरं असतात. वेढ्याचं तिथे कोणाला काही ठाऊक नसतं.

हार्टमन हरले खरे, पण १८५० मध्ये त्यांच्याच काळात सुरू झालेलं ‘एक्झामिनर’ हे इंग्रजी साप्ताहिक अजून निघतं.

सेंट झेवियर्स कॉलेज आर्चबिशपांचं आहे ना?

नाही. ही चूक पत्रकारसुद्धा करतात. झेवियर्स (१८६९) जेझुइट संघाचं, वांद्र्याचं सेंट स्टॅनिस्लॉसही (१८६३) त्यांचंच. सोफिया कॉलेज वेगळ्याच सिस्टर लोकांच्या संघाचं. धर्मप्रांताच्या शाळा वेगळ्या, त्यांचं स्वतंत्र शिक्षण मंडळ आहे. गोंधळ होतो कारण १८५० च्या दशकापासून मुंबईचा धर्मप्रांतच जेझुइटांकडे सोपवलेला होता आणि बिशपही त्यांच्यातलेच असत. त्यातले बरेच जर्मन. पहिलं महायुद्ध सुरू झालं तसे ते ‘शत्रुराष्ट्राचे नागरिक’ ठरले, काहींना नजरकैदेत ठेवलं, बहुतेकांना परत पाठवलं. आर्चबिशप हेरमान युर्गन्स १९१६ मध्ये वारले आणि पुढची तीन वर्षं गादी रिकामी राहिली. मग इंग्रज जेझुइट आल्बन गुडियर आले.

मग हा घोळ मिटला कधी?

१९२८ मध्ये. दमणचा धर्मप्रांत मोडला, मुंबई आणि साष्टी एका बिशपखाली आली. पण लिस्बन आणि लंडन दोघांनाही खूश ठेवायचं होतं, म्हणून करारात एक विचित्र अट घातली: मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीनं एकदा पोर्तुगीज, एकदा ब्रिटिश. आधी जोआकिम लीमा आले, पोर्तुगीज. त्यांच्यानंतर १९३७ मध्ये थॉमस रॉबर्ट्स, इंग्रज. भारतीय माणसाचा नंबर या पाळीत कुठेच नव्हता. देश स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, गांधीजी जुहूला राहून जातायत, आणि इकडे बिशप पोर्तुगीज हवा की ब्रिटिश याची पाळी ठरलेली!

रॉबर्ट्स यांना मात्र मी मानतो. त्यांना हे कळत होतं. १९४६ मध्ये व्हॅलेरियन ग्रेशियस या भारतीय पाद्र्याला त्यांनी मदतनीस बिशप करून घेतलं आणि स्वतः भारताबाहेर निघून गेले. पद सोडलं नाही, कारण सोडलं असतं तर करारानुसार पुढची पाळी पोर्तुगीज माणसाची आली असती. चार वर्षं खुर्ची अडवून ठेवली आणि काम ग्रेशियस यांच्या हाती दिलं. जुलै १९५० मध्ये पोर्तुगालनं हक्क सोडला, वर्षाअखेरीस रॉबर्ट्स यांनी राजीनामा दिला आणि ग्रेशियस आर्चबिशप झाले. मातेउश द कास्त्रोच्या अभिषेकाला तेव्हा ३१३ वर्षं झाली होती.

कार्डिनल ग्रेशियस यांचं एवढं नाव का?

कराचीत जन्म, घराणं गोव्याचं. जानेवारी १९५३ मध्ये ते कार्डिनल झाले, भारतातले पहिले. १९६६ मध्ये पद्मविभूषण. पण जुन्या मुंबईकरांना ते आठवतात १९६४ मुळे. त्या वर्षी जागतिक युखरिस्तिक काँग्रेस, म्हणजे जगभरच्या कॅथलिकांचा मोठा धार्मिक मेळावा, ओव्हल मैदानावर भरली आणि २ डिसेंबरला पोप सहावे पॉल मुंबईत उतरले. भारतात पोप येण्याची ही पहिलीच वेळ. आधी विरोधही बराच झाला होता. धर्मांतराचा घाऊक कार्यक्रम आहे अशी हवा होती, आणि विश्व हिंदू परिषदेची स्थापना त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पवईला झाली, हा निव्वळ योगायोग नव्हता. पोप आले आणि निरनिराळ्या धर्मांच्या प्रतिनिधींसमोर ‘असतो मा सद्गमय’ या उपनिषदातल्या प्रार्थनेचा दाखला देत बोलले. जाताना आपल्यासाठी आणलेली लांबलचक लिंकन मोटार मदर तेरेसांना देऊन गेले. त्यांनी तिची सोडत काढली आणि पैसे कुष्ठरोग्यांच्या कामाला लावले.

मुंबईचे कॅथलिक म्हणजे गोवेकरच ना?

हा प्रश्न मी तरी शांतपणे घ्यायला शिकलोय. नाही! गोवेकर आहेत, मंगळुरी आहेत, तामिळ, मल्याळी आहेत. पण मुंबई-साष्टी-वसईचे मूळ कॅथलिक म्हणजे इथलेच कोळी, कुणबी, आगरी, सोमवंशी क्षत्रिय, ब्राह्मण वगैरे. घरात बोली मराठीची, जेवणात बॉटल मसाला, लग्नात उंबराचं पाणी. मुंबई-साष्टीतल्या या लोकांनी १८८७ मध्ये, राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी, स्वतःला ‘ईस्ट इंडियन’ असं नाव घेतलं. गोव्याहून नोकरीला येणाऱ्यांपेक्षा आपण कंपनीची जुनी रयत आहोत हे सरकारला दिसावं म्हणून. नाव इंग्रजी, माणसं पक्की मराठी. या नावामुळे पुढे त्यांचंच नुकसान झालं असं माझं मत आहे. बाकीच्या महाराष्ट्राला ते परके वाटायला लागले.

बिशपांच्या गादीवर या भूमिपुत्रांपैकी कोणी बसायला १९७८ उजाडावं लागलं. सायमन पिमेंटा, मरोळ गावचे, ईस्ट इंडियन. १९८८ मध्ये तेही कार्डिनल झाले. मरोळ म्हणजे आज मेट्रोचं स्टेशन आणि ऑफिसांच्या काचा, पण गावठाणात शिरलात की क्रूस अजून जागेवर आहे.

चर्चमध्ये मराठी कधी आली?

पुराणातली मराठी फार जुनी आहे. फादर स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यात १६१६ मध्ये छापलं गेलं. वेदीवर मात्र शेकडो वर्षं लॅटिन. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर, म्हणजे १९६० च्या दशकाच्या मध्यापासून, मिस्सा लोकांच्या भाषेत व्हायला लागली. मुंबईत मग कोणाची भाषा, हा प्रश्न आलाच. शहरातल्या बहुतेक चर्चमध्ये इंग्रजी पुढे गेली, कोकणी आणि मराठीला एकेक मिस्सा मिळाली. वसईत उलट. तिथे मराठीच मुख्य. ‘सुवार्ता’ मासिक, मराठी भजनं, मराठी प्रवचन. या परंपरेतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. वसईचे पहिले बिशप थॉमस डाबरे यांची डॉक्टरेट तुकारामांवर आहे.

वसई मुंबईपासून वेगळी का झाली?

२२ मे १९९८ रोजी वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, पापडीचं चर्च त्याचं कॅथेड्रल. कारण लोकसंख्या, अंतर आणि भाषा, सगळंच. मुंबईचा प्रदेश असा वेळोवेळी कापला गेलाय. कराची १९४८ मध्ये गेली, अहमदाबाद १९४९ मध्ये. आता मुंबईकडे मुंबई, उपनगर, ठाणे आणि रायगड आहे.

वसईच्या बिशपांनाही आर्चबिशप म्हणत होते. मग वसई महाधर्मप्रांत आहे का?

नाही. फेलिक्स मच्याडो यांना ही पदवी व्यक्तिशः मिळालेली होती. गादी बिशपचीच.

पुणे, नाशिक, वसईचे बिशप मुंबईच्या हाताखाली असतात का?

कलेक्टर आणि प्रांताधिकारी असं ते नातं नाही. प्रत्येक बिशप आपल्या धर्मप्रांतात स्वतंत्र, थेट पोपला उत्तरदायी. आर्चबिशप थोरल्या भावासारखे. बैठक बोलावतात, एखाद्या ठिकाणी गंभीर गोंधळ दिसला तर रोमला कळवतात. पुण्यातल्या पाद्र्याची बदली मुंबईतून होत नाही. थोरलेपणाची खूण म्हणजे पालियम, गळ्याभोवती घालायची पांढऱ्या लोकरीची पट्टी, तिच्यावर काळे क्रूस.

बिशप निवडतात कसे? निवडणूक असते का?

नसते. दिल्लीतले पोपचे राजदूत गुपचूप चौकशी करतात, पाद्र्यांना आणि काही जाणत्या लोकांना लेखी प्रश्न जातात, तीन नावं रोमला जातात आणि पोप ठरवतात. ७५ वर्षं झाली की बिशपनं राजीनामा द्यायचा. तो कधी स्वीकारायचा हे पोपच्या मर्जीवर. पिमेंटा यांच्यानंतर आयव्हन डायस आले, ते २००६ मध्ये रोमला गेले. जिथे त्यांना नेमलं ते खातं म्हणजे तीच जुनी प्रोपागांडा, आता नाव बदललेली. मग ओसवाल्ड ग्रेशियस, पोप फ्रान्सिस यांच्या निकटच्या सल्लागार कार्डिनलांपैकी एक. २५ जानेवारी २०२५ पासून जॉन रॉड्रिग्ज आर्चबिशप आहेत, त्याआधी ते पुण्याचे बिशप होते.

मला माझ्या पणजोबांची नोंद शोधायची आहे. कुठे जाऊ?

आर्चबिशप हाउसला नाही, आधी पॅरिशच्या ऑफिसात. प्रत्येक धर्मग्रामात बाप्तिस्मा, लग्न आणि मृत्यू यांच्या वह्या ठेवाव्या लागतात. जुन्या वह्या पोर्तुगीज किंवा लॅटिनमध्ये असतात, त्यामुळे पांडू किंवा बाबूच्या जागी भलतंच भारदस्त नाव सापडेल, दचकू नका. घरात हाक मारायचं नाव वेगळं आणि वहीतलं वेगळं. समासात बघायला विसरू नका. लग्न दुसऱ्या गावी झालं असलं तर ते तिथे बारीक अक्षरात टिपलेलं असतं. आधी फोन करा, रविवारी जाऊ नका, आणि पान उलटताना बोटाला थुंकी लावू नका. कागद बिस्किटासारखा तुटतो.

आणि नोंद सापडली नाही तर निराश होऊन घरी जाऊ नका. १९२८ च्या आधीचं साल असेल तर जवळचं दुसरं चर्च कुठलं होतं ते विचारा आणि तिथे जा. माझ्या आजीच्या आईची नोंद मी एका चर्चमध्ये दोन दिवस शोधत होतो. तिच्या तिन्ही भावांची नावं तिथे ओळीनं होती, तिचं नव्हतं. तिसऱ्या दिवशी पलीकडच्या चर्चच्या वहीत सापडली. तिच्या जन्माच्या वर्षी घरच्यांचं पाद्र्याशी काहीतरी बिनसलं असणार.